पाथरी लाइनचा माणूस

रशीदभाईंचा फोन आला तेव्हा मी परभणीत छापखान्यात होते. समोर एका पत्रकाचं प्रूफ होतं आणि मशीनच्या आवाजात पलीकडचं नीट ऐकू येत नव्हतं. रशीदभाई म्हणजे पाथरीचे जुने किराणा दुकानदार. त्यांनी मला याआधी कधी फोन केलेला नव्हता. "बेटा, तू लिंबाजीची भाची ना? बाबाला घेऊन ये. लौकर ये..." मी बाहेर रस्त्यावर येऊन विचारलं, मामा बरा आहे ना? ते म्हणाले, "बाकड्यावर बसला व्हता. मी पोऱ्याला चहा सांगितला... चहा येईस्तोवर बी न्हाई थांबला."

लिंबाजीमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. पाथरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं ते आम्हाला रशीदभाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलेलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर रशीदभाईंनी मामाचा मोबाइल माझ्या हातात दिला. तो त्याच्या मुठीतून सोडवून घ्यावा लागला होता. पडद्यावर कंपनीचं ॲप उघडं होतं, ऑर्डर अर्धी भरलेली होती. मामाला घेऊन आम्ही परभणीकडे निघालो. वाटेतलं मानवत मागं पडलं आणि माझ्या मांडीवर तो मोबाइल थरथरला. मी वाचलं: "तुमच्या कार्टमधला माल तुमची वाट पाहतोय! आजच ऑर्डर पूर्ण करा!" सोबत हसणाऱ्या पिवळ्या तोंडाचं चित्र होतं. मोबाइल गाडीतून बाहेर भिरकावण्यासाठी मी हात उचललासुद्धा. बाबांनी मनगट धरलं. म्हणाले, "राहू दे. लोक त्याच नंबरवर फोन करतील."

या कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमच्या न्हाणीघरातल्या कोनाड्यात बघा, बहुतेक तीच. साबण, कपड्यांची पावडर, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्ट, काय म्हणाल ते ती बनवते. मामा या कंपनीत होता, असं मामा म्हणायचा. कंपनी तसं म्हणत नव्हती. परभणीत कंपनीचा माल एका एजन्सीकडे येतो आणि मामाचा पगार एजन्सीचे शेठ द्यायचे. पण मामाच्या पाथरी लाइनवर, म्हणजे ठरलेल्या फेरीवर, कोणत्या दिवशी कोणत्या गावाला जायचं, कोणत्या दुकानात कोणता साबण किती गेला पाहिजे, दुकानात शिरल्यावर तोंडातून पहिलं वाक्य काय निघालं पाहिजे, हे सगळं कंपनी ठरवायची. अंगातला निळा शर्ट कंपनीचा. खिशावरचं चिन्ह कंपनीचं. शर्टाच्या आतल्या माणसाशी मात्र कंपनीचं काही नातं नाही! हे मी त्याला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. कंत्राट म्हणजे काय, मध्ये एजन्सी कशासाठी ठेवतात, सगळं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "खरं हाय माय तुजं. पण मला रोलवर घ्यायचं चाललंय."

रोलवर घेणं म्हणजे कंपनीनं आपल्या स्वतःच्या नोकरांत नाव लावणं. मी शाळेत होते तेव्हा मामा पुढच्या दिवाळीला रोलवर जाणार होता. मी कॉलेजात गेले तेव्हाही पुढच्याच दिवाळीला जाणार होता. साहेब बदलायचे, जुन्या साहेबाचा शब्द नव्या साहेबाला ठाऊक नसायचा, आणि मामा पुन्हा पहिल्यापासून नव्या साहेबाच्या मोटारीचं दार उघडायला लागायचा. सुमनमामी कधीतरी वैतागून म्हणायची, "त्या रोलमदी एवढं काय ठिवलंय?" त्यावर मामा एकदाच काय ते खरं बोलला होता. "उद्या मी मेलो तर कंपनीला कळलं पाह्यजे की आपला माणूस गेला. एवढंच." मी त्यावरही भाषण दिलं होतं. आज ते भाषण मला आठवत नाही, त्याचं वाक्य आठवतं.

आमचं घर रेल्वेलाइनच्या बाजूला. बाबांनी आयुष्यभर हमालांसाठी, शेतमजुरांसाठी, अंगणवाडीच्या बायांसाठी पत्रकं काढली. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पाटीवर नाही, पत्रकांच्या मथळ्यांवर. घरात गठ्ठेच गठ्ठे, खाटेखाली, माळ्यावर, पिठाच्या डब्यामागं. एका पावसाळ्यात छत गळलं आणि एक अख्खा लढा भिजून लगदा झाला. तेव्हा मामा एजन्सीतली रिकामी खोकी रिक्षात घालून घेऊन आला. म्हणाला, "दाजी, तुमची क्रांती भिजायली. खोक्यात ठिवा."

"तुझ्या मालकाच्या खोक्यात?" बाबा म्हणाले.

"खोकं फुकट हाय दाजी. मालक लय महाग हाय, त्याला न्हाई आणलं."

तेव्हापासून आमच्या घरातली सगळी पत्रकं साबणाच्या खोक्यांत राहायला लागली. त्यात विदेशी मालावर बहिष्कार टाका असं बजावणारं पत्रकही होतं, आणि त्याला त्याच मालाचा चंदन-गुलाबाचा वास यायचा. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एकदा मी पत्रकं वाटत होते. एका हमालमामांनी कागद हातात घेतला, नाकाशी नेला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय ताई, पत्रक आंघोळ करून आलं का?" अख्खा मोंढा हसला. मी घरी येऊन मामावर चिडले तर तो उलट खूश. "बग, वास आला मनून त्यानं हातात धरलं. न्हाईतर चुरगाळून फेकलं असतं." आणि बसल्या बसल्या त्यानं खोक्यातले गठ्ठे बाहेर काढले आणि सगळ्यांचे मथळे दर्शनी बाजूला येतील असे पुन्हा लावले. "दाजी, नाव दिसलं पाह्यजे. नाव दिसलं न्हाई की माल पडून ऱ्हातो."

हे तोंडं बाहेर करणं ही त्याची सवय होती आणि ती कंपनीनं लावलेली होती. दुकानात शिरण्याच्या कंपनीच्या ठरलेल्या पायऱ्या असतात. आधी नाव घेऊन नमस्कार, मग फळीवरच्या मालाकडे नजर, मग पाकिटांची तोंडं गिऱ्हाइकाकडे वळवणं, मग स्कीम सांगणं, मग ऑर्डर आणि शेवटी आभार. पायरी चुकली तर साहेब सगळ्यांसमोर बोलणार. मामाच्या अंगात या पायऱ्या इतक्या मुरल्या होत्या की तो आमच्याकडे आला तरी उंबऱ्यातून "नमस्कार अक्का, कसं काय," म्हणत थेट स्वयंपाकघरात जायचा, फळीवरचे डबे सरळ करायचा आणि काय संपत आलंय ते आईला सांगायचा. माझ्या मावसबहिणीच्या सोयरिकीत तर त्यानं कहर केला. देण्याघेण्याचं, मानपानाचं सगळं बोलून झालं. मंडळी सुपारी फोडायच्या बेतात. तेवढ्यात मामा पुढं सरकून व्याह्यांना म्हणाला, "मग हे पक्कं धरू का? पुढल्या सोमवारी माल पोचता करतो." नवरीच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तो संत नव्हता, हेही लिहायला हवं. गेलेल्या माणसाला धुऊन पुसून फ्रेममध्ये बसवणाऱ्या लेखांचा मला राग आहे. महिनाअखेर आली की मामा दुसराच माणूस व्हायचा. वरून टार्गेट आलेलं असायचं आणि ते पुरं करायला तो दुकानदारांच्या गळ्यात नको तो माल मारायचा. कॉलेजात असताना मी एकदा त्याच्या मागं मोटारसायकलवर बसून पाथरीला गेले होते. या धंद्यातल्या पिळवणुकीवर लिहायचं, असा माझा बेत होता. रशीदभाईंच्या दुकानात मामानं फेसवॉशचं खोकं उतरवलं आणि भांडण सुरू झालं.

"अरे, गावात आंघोळीला पाणी न्हाई अन् तू तोंड धुवायची नळी उतरवायलास!" रशीदभाई ओरडले. "कोन घेणार ये?"

"कॉलेजच्या पोरी घेतात, भाई."

"कोन्त्या पोरी? ही तुझी भाची हाय ना कॉलेजची? इचार, ही घेती का."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हणाले. रशीदभाई विजयानं हसले. मामानं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी भर सभेत त्याची टोपी उडवली. तरीही खोकं तिथंच राहिलं. "एवढी बार ठिवा भाई, पुढल्या बारीला मी कायबी मागणार न्हाई." "पुढल्या बारीला तू हेच मनतो," असं पुटपुटत रशीदभाईंनी पायानं खोकं आत ढकललं आणि चहा मागवला. परत येताना मी मामाला झाडलं. तू त्यांच्यावर जबरदस्ती करतोस, तुला लाज कशी वाटत नाही, वगैरे. तो गाडीवरच मान अर्धी मागं वळवून म्हणाला, "मी कुटं करतो, माय. वरून येतंय, मी खाली सोडतो." त्या दिवशीचा लेख मी कधीच लिहिला नाही. एवढ्या एका वाक्यापुढं माझ्या पानभर मजकुराला काही अर्थ उरला नव्हता.

मग ते ॲप आलं. संभाजीनगरच्या एका मोठ्या हॉटेलात सगळ्या एजन्सींच्या माणसांना बोलावलं आणि एका तरुण साहेबानं पडद्यावर दाखवलं, की आता दुकानदार आपल्या मोबाइलवरून स्वतःच ऑर्डर टाकणार. तुमचं काम फक्त त्यांना शिकवायचं. "आता तुम्ही माल विकायचा नाही, सवय विकायची!" असं तो साहेब म्हणाला म्हणे. मामा आमच्याकडे येऊन ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता, जणू त्यालाच सुचलंय. मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले.

"मामा, दुकानदार स्वतः ऑर्डर टाकायला लागला की तू कशाला लागशील?"

"मी शिकवायलो की! मास्तरला कुणी काढून टाकतं का?"

"टाकतात! पोरं शिकली की शाळाच बंद करतात, बघतोस ना आजूबाजूला?"

"तुला समदीकडं वाईटच दिसतं," तो म्हणाला आणि आईला म्हणाला, "अक्का, हिची भाकर करपायली."

करपलीच. मी ती तशीच त्याच्या ताटात वाढली.

पुढं जे झालं ते फक्त आमच्या भागातच होऊ शकतं. मामा दुकानादुकानात जाऊन लोकांच्या मोबाइलमध्ये ॲप घालून द्यायचा, कुठं काय दाबायचं ते मनापासून समजावून सांगायचा. लोक ऐकून घ्यायचे. हौ हौ म्हणायचे. आणि ऑर्डर द्यायची वेळ आली की मोबाइल त्याच्याच हातात द्यायचे. रशीदभाईंचं तर ठरलेलं. "तूच दाब बाबा. माझा अंगठा मोठा, दोन बटनं एकदम दबतात." मामा म्हणायचा, शिका की भाई आता. त्यावर रशीदभाई, "तू हायस ना? मंग मी कामून शिकू?" पाथरीतल्या, आसपासच्या गावांतल्या सगळ्या दुकानांत हेच. काहींनी तर मामाचाच मोबाइल नंबर ॲपमध्ये टाकायला लावला, म्हणजे ते ओटीपीच्या आकड्यांचे मेसेज त्यालाच जातील आणि आपल्या डोक्याला ताप नको. आणि मामा, कुणाला नाही म्हणणं ज्याला जन्मात जमलं नाही तो मामा, सगळ्यांच्या ऑर्डरी स्वतःच्या अंगठ्यानं टाकत राहिला. दुकानात उभं राहून, आणि घरी गेल्यावर फोनवर ऐकून.

वर कंपनीत मात्र वेगळंच दिसत होतं. तिथल्या पडद्यावर असं दिसत होतं की पाथरी लाइनचे दुकानदार सगळ्यांच्या पुढं गेलेत. एकूण एक दुकान आपलं आपण ऑर्डर टाकतंय! मामाला संभाजीनगरला बोलावून त्याच हॉटेलात शाल, ट्रॉफी आणि नवा कोरा निळा शर्ट दिला. या शर्टाच्या पाठीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. घरी आल्यावर तो आरशाकडे पाठ करून, मान वळवून ते नाव वाचायचा प्रयत्न करत होता. मामीनं विचारलं, रोलचं काय झालं? मामा म्हणाला, "साहेबानं खांद्यावर हात ठिवला. आता काय ऱ्हायलंय?"

थोड्याच आठवड्यांनी पाथरी लाइन बंद झाली. म्हणजे माल जात राहिला, माणूस बंद झाला. मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं, ज्या लाइनवर दुकानदार पूर्णपणे स्वतः ऑर्डर टाकतात तिथं माणूस ठेवायची गरज नाही, आणि हे आपल्याला पाथरी लाइननंच दाखवून दिलंय. टाळ्या झाल्या. मामानंही वाजवल्या, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला बसला होता. घास हातातच होता. मग हळूच म्हणाला, "मंजी दाजी... मी चांगलं केलं मनून..." बाबा आयुष्यभर मोर्च्यात घसा फोडून बोललेले. त्यांनी नुसती त्याच्या ताटात आमटी वाढली. मी मात्र बोलले. तू साहेबाला सांगितलं का नाहीस की बटणं तू दाबत होतास? तो दचकून म्हणाला, "तसं कसं सांगू? दुकानदारांची इज्जत काय ऱ्हाईल? अन् मग ती ट्रॉफी..." मी हात जोडले. अशा माणसापुढं मार्क्सही हात जोडेल.

शेठनी त्याला गोदामात खोकी मोजायला बसवलं. मी पेटून उठले. दोन दिवसांत पत्रक लिहिलं. नाव दिलं 'पाथरी लाइनचा माणूस कुठे गेला?' एजन्सीच्या आडून माणसं राबवून घेणाऱ्या, माणसाच्याच हातानं त्याची जागा पुसायला लावणाऱ्या व्यवस्थेला त्यात मी एकही शिवी द्यायची शिल्लक ठेवली नव्हती. छापून आणलं आणि आधी मामाला वाचायला दिलं. त्यानं बोट फिरवत अख्खं वाचलं. म्हणाला, "लिवलंस झकास. पण वाटू नको."

"का?"

"ऑर्डरी मीच टाकायलो अजून. गोदामातून, फोनवर. दुकानदार फोन करायलेत, त्यांना न्हाई म्हणू का? लाइन चालू हाय माय, जोरात हाय. एक दिवस वरून कुनीतरी विचारणारच, की माणूस न्हाई तर ही लाइन एवढी चालवायलंय कोण? त्या दिवशी शेठ माझं नाव सांगतील. तवर थांब. वरून विचारणा झाली की मग वाट, समद्या जिल्ह्यात वाट, मी सोतः येतो वाटायला."

"आणि नाहीच झाली विचारणा तर?"

"हुतीया," तो म्हणाला. "एवढी मोठी कंपनी, विचारणार न्हाई का?"

मी किती वाद घातला! विनवण्या केल्या, चिडले, त्याच्याशी बोलणं सोडलं, पुन्हा बोलायला लागले. त्याचं एकच पालुपद. शेवटी त्यानं स्वतःच पत्रकांचे गठ्ठे एका साबणाच्या खोक्यात लावले, मथळा बाहेर करून, आणि खोकं आमच्या खाटेखाली सरकवून दिलं. एजन्सीच्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतःचं तिकीट काढून एस.टी.नं पाथरीला जायला लागला. फोनवर नीट कळत नाही, प्रत्यक्ष फळी बघावी लागते म्हणे! जाऊन पाकिटांची तोंडं बाहेर करायची, काय संपलंय ते बघायचं आणि बाकड्यावर बसून बटणं दाबायची. अशाच एका सुट्टीच्या दिवशी तो रशीदभाईंच्या बाकड्यावर बसला होता...

अंत्यविधीच्या वेळी मामीनं ट्रंकेतून तो निळा शर्ट काढला. घडी मोडलेली नव्हती. म्हणाली, "हाच घाला." मी म्हणाले, अजिबात नाही. ज्यांनी त्याला असं केलं त्यांचं नाव पाठीवर घेऊन तो जाणार नाही. मामी रडत नव्हती, सरळ माझ्याकडे बघून बोलली, "लेकरा, त्यांचं नाव हाय मनून न्हाई घालायले मी. ह्यांना लय आवडायचा मनून घालायले." बाबांनी शर्ट घेतला आणि स्वतःच्या हातानं मामाच्या अंगात घातला. ज्या माणसानं आयुष्यभर या कंपन्यांविरुद्ध पत्रकं काढली, तो मेहुण्याच्या शर्टाची बटणं लावत होता.

दहाव्याला पाथरीकडचे दुकानदार जीप करून आले. पारावर बसले, शेजाऱ्यांनी विचारलं, कुठले पाहुणे? रशीदभाई म्हणाले, "आमी पाथरीचे. कंपनीचा माणूस गेला आमचा." आमचा! ज्यांनी दर महिन्याला त्याला शिव्या घातल्या त्यांनी त्याला कंपनीचा म्हटलं. एजन्सीचे शेठ येऊन गेले. कंपनीकडून कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता.

मग गेल्या आठवड्यात मामाचा मोबाइल वाजला. तो आता माझ्याकडे असतो, बाबा म्हणाले होते तसे लोकांचे फोन येतात, मी सांगते. पण हा फोन लोकांचा नव्हता. एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, मी कंपनीकडून बोलतेय.

"मॅडम, या नंबरवर पाथरी लाइनची बरीच दुकानं नोंदवलेली दिसतायत. आमच्याकडे ही लाइन खूप ॲक्टिव्ह होती, पण काही आठवड्यांपासून एकही ऑर्डर नाही. तिकडे नेटवर्कचा काही प्रॉब्लेम आहे का?"

"ती लाइन चालवणारा माणूस वारला," मी म्हणाले.

"सॉरी मॅडम... पण तिथं आमचा माणूस नाहीये. ती लाइन पूर्ण डिजिटल आहे."

"हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून विचारताय?"

"वरून विचारणा झालीय, मॅडम."

मामाचेच शब्द होते. मूर्खासारखी वाट पाहत होता तो आणि त्याचंच खरं झालं होतं, फक्त उत्तर द्यायला तो नव्हता. मुलगी बिचारी पुढं विचारत होती, "मॅडम, कारण काय लिहू? मला इथं निवडावं लागतं. नेटवर्क, दुकान बंद, दुसऱ्या कंपनीचा माल..."

"माणूस मेला, असं आहे का त्यात?"

"नाही मॅडम."

"मग काय आहे?"

"इतर... असं आहे."

"इतर लिहा," मी म्हणाले. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तुम्ही स्वतः कंपनीच्या रोलवर आहात का?"

ती पहिल्यांदाच माणसासारखी हसली. "नाही हो ताई. मी एजन्सीची."

फोन ठेवल्यावर मी खाटेखालचं खोकं ओढलं. झाकण उघडलं आणि वास आला... चंदन-गुलाबाचा. आयुष्यभर ज्या वासावर मी नाक मुरडलं त्यानं क्षणभर मामा खोलीत येऊन उभा राहिला, नमस्कार अक्का, कसं काय. गठ्ठे त्यानं लावले होते तसेच होते, मथळा बाहेर. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी म्हणाले, वरून विचारणा झाली. ते समजले. उठून त्यांनी पायात चपला घातल्या.

आम्ही दोघं खोकं घेऊन एस.टी.नं पाथरीला गेलो. रशीदभाईंच्या दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा विरळ झाल्या होत्या, फळीवरची पाकिटं कशीही, कुणाची पाठ इकडे तर कुणाची कूस तिकडे. रशीदभाईंनी पत्रक हातात घेतलं. चष्मा शोधला नाही. कागद आधी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरून उभे राहिले. बाकड्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. मग त्यांनी काउंटरवरची गोळ्यांची बरणी बाजूला सारली, तिथं पत्रकांचा गठ्ठा ठेवला, आणि दोन्ही हातांनी हळूच वळवून त्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे केलं.